शिंजिराचा एकच फोटो

मित्रांनो, मला कॅमेरा म्हणायचे की डबा, ते तुम्हीच ठरवा. चाळीतले लोक मला 'दत्तारामचा डबा' म्हणत आणि खरे सांगायचे तर त्यांचे चुकत नव्हते. काळ्या पत्र्याची पेटी, पुढे एक बारीकसा डोळा, बाजूला एक खटका. सहा फुटांच्या आतले मला धड दिसत नाही, आणि हलणारे तर मुळीच नाही. ऊन कडक नसले की सगळा आनंदच! असल्या मला दत्तारामने चोर बाजारातून उचलून आणले, आणि कशासाठी? तर शिंजिराचा फोटो काढायला. कपाळ माझे!

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. बाकदार चोच, उन्हात चमकणारे डोके, आणि एका फुलावर क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ.

दत्ताराम डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. सुट्टीच्या दिवशी तो दादरच्या एका पक्षिमंडळात जाई. तिथे मृणालिनीबाई नावाच्या शिक्षिका, वर्षभरात कुठे कोणता पक्षी दिसला, याची वही ठेवत. दत्ताराम म्हणाला, "बाई, आमच्या चाळीत शिंजीर येतो." तर तिथला एक गृहस्थ खो खो हसला. "गिरणीच्या धुरात? अहो, कावळा असेल तो!" बाई हसल्या नाहीत. "फोटो आणा, लगेच वहीत लावते," म्हणाल्या. झाले! आपला शब्द खोटा ठरला, हे दत्तारामला फार झोंबले. त्या दिवसापासून त्याने शिंजिराचा ध्यास घेतला.

छप्पन साली चाळीमागचा पांगारा फुलला. साळुंक्या, बुलबुल, कावळे, सगळे मधावर तुटून पडले. एका फिल्मवर फोटो आठच. तीन फोटोंत नुसती फांदी आली, चौथ्यात बुलबुलाची शेपटी. उरलेल्या चारांवर आमची भिस्त, तोच शेजारचा कुशाबा आला. "दत्ता, अरे महाराष्ट्र पेटलाय आणि तू पाखरं कसली टिपतोस? चल, मोर्चाचा फोटो काढ!" मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र दत्तारामलाही हवाच होता. तो गेला. चारही फोटो मोर्चावर खर्ची पडले, आणि चारांतही कुशाबाचेच डोके पुढे.

पावसाळ्यात उजेडाच्या नावाने शंख. माझ्या डोळ्यावर बुरशी चढली, ती दत्तारामच्या बायकोने, मालनने, लुगड्याच्या चिंधीने पुसली. थंडीत शिंजीर रोज यायचा, तर गिरणीची पाळी आडवी यायची. उन्हाळ्यात ऊन रग्गड, तर पाखरू सावलीत. अशी चार वर्षे गेली. फिल्म धुऊन आली की दत्ताराम एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणे, "हा बघा!" आणि लोक विचारत, "कुठाय?" मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

साठ सालच्या एप्रिलात शिंजिराच्या मादीने चक्क घरटे बांधले! नळाच्या ओलीवर वाढलेली मधुमालती आमच्या गॅलरीपर्यंत चढली होती. तिच्यात कोळिष्टकांची आणि काडीकचऱ्याची एक पिशवी लोंबू लागली. आत दोन पिल्ले. खिडकीपासून बरोबर सात फूट! पण पुढे पानांचा दाट पडदा. दत्तारामने अख्खी फिल्म संपवली, आठही फोटोंत काळोख. पिल्ले आता चार दिवसांत उडणार होती.

नवी फिल्म घालून तो कात्री घेऊन उठला. मालन आडवी आली.

"आवो, पानांच्या आड आसा म्हणान ता वाचलाहा. हात लावू नकात."

"चारच पानं गं!" तो खेकसला. "चार वर्षं लोक हसतायत मला."

चाराची चाळीस झाली. घरट्यावर लख्ख ऊन पडले. मादी किडा घेऊन आली, घरट्याच्या तोंडाशी टेकली, पिल्लांनी चोची वासल्या. दत्तारामने खटका दाबला. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मलाही आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला गेला. मालन खाली नळावर होती. मी खिडकीतच होतो. कावळा कठड्यावर बसला आणि मान तिरकी करून त्याने घरट्याकडे पाहिले. मला हात नाहीत, तोंड नाही. मी नुसता बघत राहिलो. कसला हा जन्म! मालन धावत वर आली तेव्हा फाटकी पिशवी लोंबत होती. मादी मात्र संध्याकाळपर्यंत चोचीत किडा धरून येत राहिली. दत्तारामने घरी आल्यावर ते पाहिले.

फोटो? एकदम स्वच्छ आला. मोठा करून घेतला तेव्हा पिल्लांच्या चोची मोजता येत होत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची सभा भरली. नवे राज्य झाले म्हणून पेढे वाटले जात होते. मागे हसलेले गृहस्थ फोटो पाहून म्हणाले, "मानलं बुवा!" मृणालिनीबाईंनी तो वहीत चिकटवला, पेन उघडले आणि विचारले, "खाली काय लिहू?"

"लिहा," दत्ताराम म्हणाला. "पानं कापली म्हणून दिसलं. दुसऱ्या दिवशी कावळ्यानं पिल्लं नेली. पानं कापली ती दत्तारामनं."

बाईंनी ते जसेच्या तसे लिहिले.

मित्रांनो, मी आता पुरता निकामी झालो आहे, पण मला जपा असे मी म्हणणार नाही. तुमच्या हाती माझ्याहून चांगला कॅमेरा येईल. पक्ष्यापुढे पान आले तर चिडा, पाय आपटा, कॅमेऱ्याला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पान मात्र तोडू नका. फोटो नाही आला तर नाही आला. पिल्ले उडाली पाहिजेत.