एकोणीस दिवस उभी राहिलेली खुर्ची

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात मोडमामांकडे एकच काम होतं: खुर्च्या मोडणं. बावीस वर्षं ते हे काम निष्ठेनं करत आले होते. नवी खुर्ची दाबयंत्राखाली ठेवायची, बटण दाबायचं, लोखंडी तबकडी बैठकीवर टेकली की हात मागे बांधून उभं राहायचं, आणि कडाक झालं की वहीत किलो लिहायचे. मोडकी खुर्ची मागच्या अंगणातल्या ढिगावर. पुढची खुर्ची. जगात कोणाच्याही हातून इतकं नुकसान इतक्या शांतपणे झालं नसेल.

मग वही गेली आणि कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरबरोबर ग्राफबाई आल्या. यंत्राचे आकडे घेऊन पडद्यावर आलेख काढणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. पट्ट्या, आकडे, रेघा हे काही त्यांनी स्वतः काढलेलं नव्हतं. त्यासाठी फुकट मिळणारी एक 'लायब्ररी' होती, म्हणजे तयार प्रोग्रामांचं गाठोडं, कोणा न पाहिलेल्या सज्जनानं लिहिलेलं. उभ्या पट्टीवर किलो, आडव्या पट्टीवर सेकंद. पण मोडक्या खुर्चीचं चित्र त्या सज्जनाकडे नव्हतं, ते बाईंनी स्वतः काढलं. इवलीशी खुर्ची, एक पाय तिरका. जिथे खुर्ची मोडली त्या बिंदूच्या डोक्यावर हे चित्र यायचं. शिवाय दीडशे किलोवर एक लाल रेघ, कारण त्याच्या आत मोडणारी खुर्ची नापास.

पहिले काही दिवस सगळं नीट दिसलं. मग साहेबांनी पडद्याकडे बघून विचारलं, रेघ एवढीशी का? एवढी जागा आहे तर मोठी दिसू दे की. बाईंनी 'ऑटो'चं बटण चालू केलं. आता लायब्ररी आपणच बघायची, रेघ कुठून कुठवर जाते, आणि पट्ट्या तेवढ्याच ठेवायची. रेघ ऐसपैस झाली. साहेब खूश झाले. मोडकी खुर्ची त्या दिवसापासून दिसेनाशी झाली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कारण साधं होतं. खुर्ची मोडली की यंत्र थांबतं, म्हणजे खुर्ची नेहमी रेघेच्या सर्वांत वरच्या टोकाला मोडते. आणि ऑटोनं पट्टी बरोबर त्या टोकापाशी संपवलेली. चित्र त्याच्या वर, म्हणजे चौकटीच्या बाहेर.

दीड महिना साहेबांनी फक्त चढत्या रेघा पाहिल्या. चढती रेघ पाहिली की साहेबांचं डोकं चालेनासं होई. हा आजार त्यांच्या हुद्द्याच्या बहुतेकांना असतो. मोडल्याची खूण कुठेच नाही, रेघ तर चढतेच आहे, मग बाराव्या सेकंदाला थांबते कशी? साहेबांनी एकच अर्थ काढला. आपली खुर्ची मोडतच नाही, मोडमामाच कंटाळून यंत्र बंद करतात.

मामांनी त्यांना मागच्या अंगणात नेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, तिथे चाळीस मोडक्या खुर्च्या होत्या. साहेबांनी ढीग बघितला आणि म्हणाले, हा उचलताना आपटल्याचा परिणाम. मोडल्या असत्या तर ग्राफमध्ये आलं असतं.

सोमवारपासून मामांनी पॅकिंगला जायचं ठरलं. पॅकिंगचा निळा एप्रनही त्यांच्या हातात पडला. मामांनी तो घडी करून यंत्राच्या कडेला ठेवला आणि बाईंना एवढंच म्हणाले, "बावीस वर्षं मोडतोय. आता म्हणतात मला मोडता येत नाही."

बाईंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लायब्ररीच्या पोटात डोकं घातलं, आणि तासाभरात चोर सापडला. तो त्या स्वतःच होत्या. लायब्ररी आपल्या रेघा आपण मोजायची, पण बाहेरून आणलेल्या प्रत्येक वस्तूला पट्ट्या ठरवण्याआधी सभ्यपणे विचारायची, तुम्हाला जागा किती लागेल? उत्तर आलं नाही तर धरून चालायची की काहीच लागत नाही. बाईंनी आपल्या खुर्चीला उत्तर शिकवलंच नव्हतं. इतके दिवस ती भिडस्त पाहुण्यासारखी गप्प बसून दाराबाहेर उभी होती.

बाईंनी खुर्चीला उत्तर शिकवलं, आणि लगे हात लाल रेघेलाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथे झालं.

खुर्ची म्हणाली, मला वर इतकी जागा. ठीक. लाल रेघ म्हणाली, मला काय, तुमची आडवी पट्टी जेवढी असेल तेवढी, आणि दोन्ही टोकांना बोटबोटभर जास्त. लायब्ररीनं पट्टी बोटभर वाढवली. पट्टी वाढली म्हणून रेघ वाढली. रेघ वाढली म्हणून पट्टी वाढली. बाई चहा आणायला गेल्या होत्या. परत येईपर्यंत बारा सेकंदांच्या चाचणीची आडवी पट्टी एकोणीस दिवसांवर पोचली होती, खरी रेघ कुठल्या तरी कोपऱ्यात केसाएवढी झाली होती, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे किलोंवर एक ठणठणीत लाल रेघ.

दुर्दैवानं चहाच्या वेळात साहेब तिथून गेले होते. त्यांनी ते पान छापूनही घेतलं होतं. दीडशे किलो, एकोणीस दिवस. तासाभरात ते पान एका मोठ्या सभागृहासाठी सहाशे खुर्च्या घेणाऱ्या बाईंकडे पोचलं, आणि त्या शुक्रवारी स्वतः बघायला येणार म्हणून निरोपही आला.

ग्राफबाई साहेबांना सांगायला गेल्या की ती चूक आहे. साहेब ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. उलट त्यांना नवा पुरावा मिळाला होता. "मॅडम, खुर्ची एकोणीस दिवस उभी राहते, आणि हे गृहस्थ बारा सेकंदांत यंत्र बंद करतात. पॅकिंग तरी कसं जमणार यांना?"

मामा आगीतून फुफाट्यात पडले होते, आणि ढकललं होतं बाईंनीच.

घरी त्या तोंड पाडून बसल्या. सासूबाई टेबलावर कुटुंबाचे फोटो पसरून फ्रेममध्ये कुठला बसवावा ते बघत होत्या. एकही धड नव्हता. पहिल्यात थोरले भावजी मानेपासून वर नव्हते. सहा फूट दोन इंच माणूस, फोटो काढणाऱ्यानं खुर्च्यांवर बसलेल्यांचीच डोकी मोजली. दुसऱ्यात भावजी होते, पण मामेसासूबाईंना बसवता बसवता फोटो काढणारा इतका मागे गेला होता की सगळे जण मुंग्यांएवढे आले होते.

"हिला जागा विचारली की संपलं," मामेसासूबाईंवर बोट ठेवून सासूबाई म्हणाल्या. "जरा सरकलं की ही पदर पसरणार, पर्स ठेवणार. आणखी सरकलं की आणखी. मी परवा सांगितलं त्या फोटोवाल्याला, अरे, उंच माणसाला उंची विचार आणि मागे हो. हिला विचारूच नकोस. बाकीचे उभे राहिले की उरेल त्यात ती बरोब्बर बसते."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की सासूबाईंना वाटलं, फोटोत आपलंच काहीतरी चुकलं.

गुरुवारी दुपारपर्यंत लायब्ररीला नवी शिस्त लागली. आता प्रत्येक वस्तूला आधी विचारायचं, तुम्हाला मोजायचं की नाही? खुर्ची म्हणाली, मोजा. लाल रेघेची दीडशे किलोची उंची मोजायची, लांबीबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही. पट्ट्या ठरल्या की उरेल त्यात तिनं बसायचं. साहेबांना दाखवायला बाई गेल्या, तर साहेब स्वागताचं भाषण पाठ करत होते.

शुक्रवारी सभागृहवाल्या बाई आल्या. जाड चष्मा, हातात तो छापील कागद. साहेबांनी भाषण केलं. मग खुर्ची यंत्राखाली गेली. बटण दाबायला कोणीच पुढे होईना, कारण पॅकिंगमधून आणलेल्या नव्या माणसाला ते सापडत नव्हतं. शेवटी मोडमामांनी दाबलं, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले आणि चार पावलं लांब उभे राहिले.

बाराव्या सेकंदाला कडाक झालं.

पडद्यावर रेघ दीडशेची लाल रेघ ओलांडून एकशे बासष्टवर थांबली, आणि तिच्या डोक्यावर, चौकटीच्या आत, तिरक्या पायाची इवलीशी खुर्ची उमटली. साहेबांचा चेहरा असा झाला की जणू ती त्यांच्याच खालून निसटली.

सभागृहवाल्या बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "एकोणीस दिवस मी कोणालाच बसवणार नाहीये," त्या म्हणाल्या. "आमची सर्वांत लांब सभासुद्धा चार तासांत आटोपते. कुठे मोडते ते दाखवत नाही ती खुर्ची मी घेत नाही. हा कागद बघून नाही म्हणायलाच आले होते." मग त्यांनी मामांना विचारलं, "दरवेळी इतक्यालाच मोडते?"

"एकशे साठ ते पासष्ट. मागे ढीग आहे, बघा."

त्या ढीग बघायला गेल्या आणि अर्धा तास आल्या नाहीत. आल्या तेव्हा सहाशे खुर्च्या ठरल्या होत्या, आणि दर महिन्याच्या चाचणीवर मामांचीच सही हवी, अशी अट होती. साहेब लगेच म्हणाले की मामांना हलवायचा तर प्रश्नच कधी आला नव्हता. यंत्राच्या कडेला घडी घातलेला निळा एप्रन होता. मामांनी तो उचलून पडद्यावरची धूळ पुसली.

मग ते पडद्याशी नाक लावून बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. ग्राफबाईंना वाटलं, आता काहीतरी गोड ऐकायला मिळणार.

"बाई," मामा म्हणाले, "तुम्ही पुढचा उजवा मोडलाय. आपला मागचा डावा मोडतो."