लागल्याची खूण

वडिलांनी बटण दाबलं. पडद्यावरचं वर्तुळ लाल झालं, टिंग वाजलं.

“लागला,” ते म्हणाले.

समोरचा तीन मजली लोखंडी राक्षस मात्र ढिम्म उभा. त्यांनी पुन्हा नेम धरला. पुन्हा टिंग, पुन्हा तेच.

त्यांची बावीस वर्षं सैन्यात तोफेमागे गेली होती. नेमात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तर लेकीनं त्यांना जेवण होताच संगणकासमोर बसवलं होतं. गेम तपासणं हे तिचं काम, आणि ऑफिसात साहेब तिला म्हणाले होते, उगाच राईचा पर्वत करतेस.

“तुमचं नाही चुकत, बाबा. गेमचंच चुकतंय. लांबून मारलं की गोळा राक्षसाच्या डोक्यावरून निघून जातो. वर्तुळ आपलं ‘लागला’ म्हणून मोकळं.”

“साहेबांना सांगितलंस?”

“ते म्हणतात, असू दे. लागल्यासारखं वाटलं की खेळणारा खूश. संध्याकाळपर्यंत ‘दोष नाही’ असं लिहून द्यायचंय.”

आता ते साहेबांचा उद्धार करतील, असं तिला वाटलं. पण त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“मग गोळा जातो कुठे?”

“मागे. ती घरं दाखवलीत ना, तिकडे.”

ते अंगठ्यानं कंट्रोलरची कड घासत राहिले.

“आम्हालाही वायरलेसवर एवढंच कळायचं. लागला. की पुढचा गोळा.”

“आणि नसला लागला तर?”

“बघायला कोण जातंय?”

पदकांच्या, छावणीतल्या फजित्यांच्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या. ही नव्हती.

“पाणी आणू?” तिनं विचारलं.

त्यांनी कंट्रोलर उचलला आणि गेममधलं आपलं तोफेचं यंत्र सरळ राक्षसाच्या बगलेतून पुढे काढलं. यंत्राच्या पाठीत राक्षसाचे गोळे बसू लागले, पडदा हादरला.

“अहो बाबा, मराल! वळून मारा ना त्याला.”

“थांब जरा. बघून येतो.”

घरं जवळ आली. भिंती, एक खिडकी, दोरीवर वाळत घातलेले कपडे.

“नुसतं चित्र आहे ते. आत कुणी नाहीये, बाबा.”

त्यांनी यंत्र खिडकीशी नेलं आणि स्वतःच खुर्चीत पुढे वाकले.

तिचा फोन वाजला. साहेब. तिनं तो बंद करून उलटा ठेवला, खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

“घरांच्या मागे जायला डावीकडून वाट आहे,” ती हळूच म्हणाली.