चिमट्यावरची सुरकुती

सासऱ्यांची जुनी सायकल नवऱ्याने महिनाभर घासूनपुसून उभी केली होती. आता पुढे लेकीची सीट बसवायची होती. झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन मी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरून बोट फिरवलं. एका जागी रंगाला सुरकुती होती.

"हा वाकला होता, कुणीतरी सरळ केलाय. कधीही मोडेल," मी म्हणाले.

"तुला सगळीकडे संकटंच दिसतात. अस्सल चिमटा आहे, बदलणार नाही," नवरा म्हणाला.

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. शेजारी उभ्या सासऱ्यांनी मात्र चष्मा लावून तिथेच अंगठा फिरवला.

"काढ हा. पोरीला यावर बसवायचं नाही."

"बाबा, तुमची आठवण आहे ती."

"अरे, मी अजून आहे की."

नवऱ्याने पाना उचलला. मी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.