आबा खाकरले तेव्हा

पडद्यापलीकडून थोरले दीर हिलाल आबा खाकरले आणि सुंदरबाई कोपरावर रेटा देऊन अर्धी उठली. कमरेखाली सुईची भूल, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा. पदर आणायचा कुठून? तिनं पायावरची चादर ओढली आणि डोक्यावरून घेतली.

"माय! निजून राहा!" रत्नानं खांदे धरून तिला खाली टेकवलं.

बाहेर आबांना काय कल्पना! पारोळ्याहून पहिल्या एसटीनं जळगावला आले, भावजयीच्या पडद्याशी थांबले आणि जन्मभराच्या रीतीनं आधी वर्दी दिली, इतकंच.

सकाळीच मायच्या गर्भाशयाच्या तोंडाशी, गाठीपाशी, नळ्या बसवल्या होत्या; कापडाच्या पट्ट्यांनी आवळून मग स्कॅन काढला होता. किरणांचा हिशेब बघणाऱ्या तौफिक सरांनी रत्नाला समजावलं होतं, "तांदळाच्या दाण्याएवढा किरणांचा स्रोत असतो, ताई. तारेच्या टोकाला बसून नळीतून आत जातो, ठरवलेल्या जागी थांबतो, परत येतो. नळी हलली तर गाठ राहते बाजूला आणि लघवीची पिशवी भाजते. आईंना हलू देऊ नका."

"काही हालनं नही," माय कुजबुजली. "कोनले सांगू नको. नळ्या, स्कॅन, बठ्ठं परत करतीन. आते माले सोसाव नही." आणि मग वर्मावर बोट ठेवलं, "तुनं पोरगं तठे रडत व्हई."

पोरगं धुळ्याला सासूबाईंजवळ होतं. रत्नाची छाती सकाळपासून दुधानं दाटून आली होती. सासूबाईंचा फोन आला की ती दचकायची, नाही आला की सारखी फोन काढून बघायची.

ती पायाशी बसून राहिली. चादर अजून मायच्या कपाळावर होती. लग्नसराईत पारोळ्यात मांडे करायला मायलाच बोलावणं यायचं. उपड्या खापराखाली भडकलेला जाळ, मनगटापासून कोपरापर्यंत झुलणारा मांडा, गल्लीभर पुरणाचा वास. अशात बाहेर आबा खाकरले की हात गुंतलेले, म्हणून माय पदर दातांत धरायची. मांडा जराही फाटायचा नाही. पोरी खिदळायच्या.

"माय, आबा काय वाघ शेतस का?"

"वाघ नही वं, जेठ शे," दातांतला पदर न सोडता माय बोलायची, त्यानं तर आणखीच हसू यायचं. मग पहिला मांडा, तुपानं ओला, रत्नाच्या हातावर.

स्ट्रेचर आलं. किरणांच्या खोलीत तौफिक सरांनी वाकून नळीवरची पेनची खूण पाहिली. खूण जागच्या जागी होती. "चला, जोडू या," म्हणत त्यांनी मशीनची पहिली नळी हातात घेतली. रत्नानं बाहेर जायचं होतं. मायनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता, नुसतं आर्जव होतं.

"सर," रत्ना दारातून वळली. "ती मघाशी उठली होती."

"किती?"

"कोपरावर. डोक्यावर चादर घ्यायला. मोठे काका आले होते."

तौफिक सर हसले नाहीत. "आमच्या नशिराबादला फुफा, आत्याचे यजमान, आले की अम्मी तापातसुद्धा उठून बसते," ते म्हणाले आणि हातातली नळी परत अडकवून ठेवली. "बाहेरून ठीक दिसतंय. पण आत पाहिल्याशिवाय मी स्रोत सोडणार नाही."

परत स्कॅन झाला. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली. सकाळची नळी आणि आत्ताची, मध्ये बोटभर फरक. पट्ट्या काढा, नळ्या पुन्हा बसवा, हिशेब पुन्हा मांडा.

"तुना पोटमा काही राहस नही, लहानपनपाईन," माय म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

बाहेर बाकावर आबा डबा मांडीवर घेऊन बसले होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं.

"मी खाकरनू म्हनीसन हाई व्हयनं का?"

"तुम्ही जेवून घ्या, आबा."

त्यांनी डबा शेजारी ठेवला. उघडला नाही.

दुपार कलल्यावर एकदाचं मशीन सुरू झालं. जाड दार लागलं. बाहेरच्या पडद्यावर माय दिसत होती, एकटी, छताकडे डोळे लावून. बोटसुद्धा हलत नव्हतं. रत्ना श्वास मोजूनमापून घेत होती, जणू तिच्या हलण्यानंही आत काही सरकलं असतं. "बरोबर जागेवर आहे," तौफिक सर म्हणाले, तेव्हा कुठे तिनं भिंतीला पाठ टेकवली.

नळ्या काढून स्ट्रेचर बाहेर आणलं. चादर छातीपर्यंतच होती. औषधांनी विरळ झालेले मायचे पांढरे केस उघडे होते, हात दोन्ही बाजूंना. आबा लगबगीनं उठले आणि भिंतीकडे वळून उभे राहिले, समोर आग विझवायचं लाल नळकांडं.

"आबा."

आवाज कुणाचा हे आधी रत्नाच्या लक्षातच आलं नाही. त्या घरात नांदायला आल्यापासून माय जेठाशी कधी थेट बोलली नव्हती. चहा विचारायचा तरी एखादं पोर मध्ये लागायचं.

"आबा, जेवनात का?"

आबांची पाठ हलली. मान काही वळली नाही.

"रत्ना," ते त्या लाल नळकांड्याला म्हणाले, "तिले सांग, आते जेवस."