पवित्राचं उत्तर

सूर्यकांत सर मूळचे निपाणीचे. बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या एका हायस्कुलात बारा वर्षं समाजविज्ञान शिकवत होते. राष्ट्रवादाचा धडा तर तोंडपाठ.

चाचणीत प्रश्न होता, राष्ट्रीय अस्मिता म्हणजे काय? दहावीतल्या पवित्रानं लिहिलं : ‘माझे अप्पा बोम्मसंद्राला कारखान्यात आहेत. तिथला एक ओडिशाचा माणूस तापानं गेला. त्याचं गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पा आणि आणखी तिघं दोन दिवस मोडक्यातोडक्या हिंदीत फोन करत राहिले. जे गाव आपण कधी बघणार नाही, तिथल्या घरी निरोप पोचावा म्हणून जीव तुटतो, तीच राष्ट्रीय अस्मिता.’

सरांनी पाचांपैकी एक मार्क दिला आणि लाल शेरा मारला, ‘पुस्तकातलं लिही.’

पण ते उत्तर डोक्यातून जाईना. महिन्याभरानं शिक्षकांच्या शिबिरात बोलायची पाळी आली, तेव्हा तोंडून तेच बाहेर पडलं. वर ‘माझ्या वडिलांच्या कारखान्यात’ असंही ते बोलून गेले. वडील तर निपाणीला शिंपी होते. टाळ्या मात्र खूप पडल्या.

मुख्याध्यापिका भाग्यलक्ष्मी मॅडमनी त्या भाषणाचा व्हिडिओ सोमवारी प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेला दाखवला. सरांना त्याचा पत्ताही नव्हता. पडद्यावर आपला चेहरा दिसला आणि त्यांनी वळून मुलांकडे पाहिलं. दहावीच्या रांगेत पवित्रा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जिन्याजवळ गाठलं. तिचं घर खानापूरकडचं, त्यामुळं वर्गाबाहेर दोघं मराठीच बोलत.

“पवित्रा, ते मी…”

“सर, तुम्हाला आवडलं होतं ते?”

“हो गं.”

“मग मार्क का नाही दिले?”

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. तिनं चार शब्द सुनावले असते तरी सरांना सोपं गेलं असतं.

“मी उद्या वर्गात सांगतो, ते तुझं होतं म्हणून.”

“नको सर.” ती घाबरली. “अप्पांना मी पाच पडले म्हणून सांगितलंय. त्यांच्याबद्दल लिहिलं होतं ना. एकच पडला हे कळलं तर त्यांना वाईट वाटेल.”

सर तडक ऑफिसात गेले आणि मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

“व्हिडिओ वर खात्याकडे पाठवलाय मी. आता हे बाहेर आलं तर शाळेची अब्रू जाईल. मुलीचं काही म्हणणं नाही ना? मग राहू द्या.”

“सरी मॅडम,” सरांनी कन्नडात होकार दिला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांना हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटतंय हे ध्यानात आलं, तेव्हा ते भिंतीला धरून उभे राहिले. घंटा झाली. पुढचा तास दहावीचाच होता.