चकरीबाईंचा चष्मा

मी एक चष्मा. काळ्या काड्यांचा, उजवी काडी दोऱ्याने बांधलेली. नाकावर बसून दुसऱ्यांच्या घरात डोकावणं हा आमच्या जातीचा धंदाच. त्यामुळे मी सांगतोय ते ऐकीव नाही, बघितलेलं आहे.

माझ्या मालकीणबाई शास्त्रज्ञ. अणूतले बारीक कण लोहचुंबकाच्या पोटात गोल गोल पळवायचे आणि भरपूर वेग आला की बाहेर सोडायचे, असलं यंत्र त्यांच्याआधी इथे कुणी बांधलंच नव्हतं. वर्कशॉपातली माणसं त्यांना पाठीमागे चकरीबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. त्या गालातल्या गालात हसायच्या.

पहिलं यंत्र परातीएवढं. कण नीट येतात का ते बघायला त्याला छोटीशी खिडकी होती. बाई गुडघे टेकून तिला नाक लावायच्या, म्हणजे आधी मी. कणांची निळी रेघ उमटली की त्यांचा श्वास माझ्या काचेवर यायचा. म्हातारा फिटर कुरकुरायचा, "चुलीत डोकं घालताय बाई." त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर, "दिसल्याशिवाय मला पटत नाही हो."

अशी नऊ वर्षं गेली आणि बाई मला सारख्या पुसू लागल्या. रुमालाने, बाहीने, साबणाने. धाकटी बहीण एकदा म्हणाली, "ताई, झिजेल गं तो. स्वच्छ तर आहे." बाई मला दिव्यापुढे धरून बराच वेळ बघत राहिल्या. धुकं माझ्यावर नव्हतंच.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, चाळिशीत, आणि तो त्या यंत्रापाशी बसूनच. त्यातून न दिसणारं जे काही निघत होतं ते माझ्यातूनच गेलं की हो! मी अडवलं नाही. आरपार जाऊ देणं, एवढंच मला येतं.

ऑपरेशन लगेच करायचं, मग तीन महिने घरी. पण खोलीएवढं नवं यंत्र महिन्याभरात सुरू होणार होतं आणि त्याची पहिली रेघ बाईंना बघायची होती. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. यंत्राचं पोट अगदी निर्वात लागतं, पण सांध्यांतून हवा शिरत राहिली, एका महिन्याचे चौदा झाले. मधल्या काळात बाईंनी हुकूम काढला: यापुढे कुणीही खिडकीला डोळा लावायचा नाही. पहिली रेघ त्या एकट्या बघतील, मग खिडकी कायमची बुजवायची. फिटरने विरोध केला तेव्हा म्हणाल्या, "माझे डोळे गेलेलेच आहेत. तुमचे सांभाळा."

तो दिवस आला. सगळे भिंतीआड, खिडकीशी फक्त आम्ही दोघं. रेघ आली. मला लख्ख दिसली. बाईंनी मला काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं.

भिंतीआडून फिटरने विचारलं, "दिसली का हो बाई?"

बाईंनी मला नाकावर नीट बसवलं. मग म्हणाल्या, "दिसली. बुजवा खिडकी."

पुढे ऑपरेशन झालं, बाईंना जाड भिंगांचा नवा चष्मा आला. मी टेबलाच्या खणात असतो. कधीमधी त्या मला काढतात, सवयीने पुसतात आणि परत ठेवतात.

मला तोंड असतं तर तेवढ्यात सांगितलं असतं. तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर माझा एवढा निरोप द्या. रेघ निळी होती, बाई. अगदी सरळ होती.