विल्माबाईंच्या घरचं पाणी

माझी बायको आश्लेषा ओहायोत जन्मली, ओहायोतच वाढली. तिचं मराठी ऐकून माझ्या नागपूरच्या काकांना अजूनही जेवताना ठसका लागतो. पण तिच्या आईने शिकवलेली एक गोष्ट मात्र तिच्या हाडीमाशी मुरली आहे. कुणाच्या घरी गेल्यावर पाणी पुढे आलं तर नाही म्हणायचं नाही. तहान नसली तरी एक घोट घ्यायचाच, आणि वर चांगलंच म्हणायचं. मी अस्सल नागपूरचा असून बिनदिक्कत "नको नको" म्हणतो. तिकडे आम्ही जे केव्हाच सोडून दिलं, ते इकडच्या आयांनी बरणीतल्या लोणच्यासारखं जपून ठेवलं.

हे सांगायचं कारण असं की त्या एका घोटापायी एका म्हातारीचं घर गेलं. मला त्याचा अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

आम्ही ओहायोतल्याच डब्लिन गावात राहतो. मी एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो. आश्लेषा तेव्हा राज्याच्या खाण अपील मंडळात हिअरिंग ऑफिसर होती. राज्याच्या आग्नेय टोकाला डोंगर वरून खरवडून कोळसा काढतात. काढून झाला की जमीन पूर्ववत करायची, गवत आणि झाडं लावायची, आणि कुणाची विहीर नासवली असेल तर त्याला दुसरं पाणी द्यायचं, असा कायदा आहे. राज्याचा इन्स्पेक्टर तसा हुकूम काढतो, कंपनी त्यावर अपील करते, आणि मग दोघं आश्लेषापुढे येऊन भांडतात. गणपतीच्या जेवणात बायका तिला विचारत, "म्हणजे तू जज आहेस का गं?" ती म्हणे, "नाही हो मावशी, जजची गरीब बहीण."

२००६ साली तिच्यापुढे विल्मा टॅकेट यांची केस आली. विल्माबाई ऐंशीच्या घरात, नवरा गेलेला, घर एका दरीच्या तोंडाशी. मागच्या डोंगरावर कंपनीने सुरुंग लावले आणि यांच्या विहिरीला गंजासारखं लाल पाणी यायला लागलं. इन्स्पेक्टरने हुकूम काढला की कंपनीने मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत नळाची लाइन टाकावी. कंपनी म्हणाली, विहीर मुळातच जुनी आणि खराब होती, आमचा काय संबंध? विल्माबाईंच्या मुलीने आईला बजावलं होतं, या हिवाळ्याच्या आत पाणी आलं नाही तर तुला वृद्धाश्रमात ठेवणार. म्हणजे लाइन आली तर घर राहणार, नाही तर नाही. इतकं सरळ होतं.

ऑक्टोबरात आश्लेषा दोन्ही बाजूंच्या वकिलांना घेऊन जागा बघायला गेली. या कामाचा एक नियम फार कडक आहे. कुठल्याही एका बाजूशी एकट्याने बोलायचं नाही आणि कुणाकडूनही काही घ्यायचं नाही. कॉफी नाही, बिस्किट नाही. ती स्वतःची बाटली आणि सँडविच नेत असे आणि गाडीत बसून एकटीच खात असे. सात वर्षं तिने हा नियम पाळला. मी तिला चिडवायचो, "तुझं सोवळं माझ्या आजीपेक्षा कडक आहे." पण ती कधी कुणाच्या घरात, स्वयंपाकघरात, अशी गेलीच नव्हती. खाणीच्या खड्ड्याच्या काठावर कोण कशाला पाणी विचारतंय?

त्या दिवशी मात्र सगळे स्वयंपाकघरात उभे होते. सिंक लालभडक डागांनी भरलेलं होतं. विल्माबाईंनी चर्चला जायचा निळा ड्रेस घातला होता. त्यांनी फ्रीजमधून काचेचा जग काढला. पाणी अगदी नितळ होतं.

"आमच्याच विहिरीचं आहे, घ्या," त्या म्हणाल्या.

इन्स्पेक्टर नको म्हणाला. राज्याचा वकील नको म्हणाला. कंपनीच्या वकिलाने तर हात खिशातच ठेवले. विल्माबाईंचा चेहरा उतरत चालला होता. ग्लास आश्लेषापुढे आला, आणि तिने घेतला. एक घोट प्यायली.

कंपनीच्या वकिलाने हसून विचारलं, "चव कशी आहे, मॅडम?"

"छान आहे, थँक यू," आश्लेषा म्हणाली.

घरी आल्या आल्या तिने मला हे सांगितलं. "राजीव, आय स्वेअर, मी विचारच केला नाही रे. पाणी दिलं, मी घेतलं. आई म्हणते ना, चांगलंच म्हणायचं. तोंडातून निघून गेलं यार."

"एका घोटाने काय होतंय?" मी म्हणालो. मला काय कळतंय त्यातलं!

आठवड्याभरात कंपनीचा अर्ज आला. ज्या पाण्यावरून वाद आहे तेच पाणी हिअरिंग ऑफिसरने चाखलं आणि चांगलं असल्याचं मत सर्वांसमक्ष दिलं. आता त्या निवाडा करणाऱ्या नाहीत, साक्षीदार आहेत. त्यांनी बाजूला व्हावं आणि सुनावणी पुन्हा पहिल्यापासून व्हावी. अर्ज कायद्याने बिनचूक होता, हेच वाईट होतं. आश्लेषाला केस सोडावी लागली. तो वकील काही पाण्याच्या चवीसाठी भांडत नव्हता, त्याला फक्त वेळ हवा होता. आमच्या घरातल्या संस्काराने तो त्याला आयता मिळाला. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय.

नवा ऑफिसर नेमायला हिवाळा गेला. त्याने सगळं पुन्हा ऐकलं. उन्हाळ्याच्या तोंडावर निकाल लागला, अगदी विल्माबाईंच्या बाजूने. तोवर कंपनीने दिवाळं काढून गाशा गुंडाळला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. नळ टाकायचा हुकूम होता आणि तो पाळायला कुणी उरलं नव्हतं. विल्माबाईंना मुलीने नाताळाआधीच वृद्धाश्रमात नेलं होतं.

आश्लेषा त्यानंतर कामावर जायची, यायची, जेवायची. मी काही बोललो की "हो" म्हणायची. एका शनिवारी म्हणाली, "मला त्यांना भेटायचंय. आता केस संपलीय, आता अलाउड आहे." मी ड्राइव्ह केलं. वाटेत मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, "भेट, फुलं दे, पण त्या घोटाचं सांगू नकोस. त्यांना ते कळून काय मिळणार आहे?"

खोली छोटी होती. विल्माबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. आश्लेषाला बघून त्यांचा चेहरा फुलला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही एकटी माझं पाणी प्यायली, ठाऊक आहे? बाकी सगळे नको म्हणाले. मला इतकं बरं वाटलं होतं."

मग त्यांनी ते पाणी कसं केलं ते सांगितलं. दोन दिवस बादल्यांत ठेवून गाळ बसू दिला. मग जुन्या उशीच्या अभ्र्यातून गाळलं, मग उकळलं, मग पुन्हा गाळलं. "पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे लाल पाणी कसं ठेवणार? लाज वाटते ना."

मी आश्लेषाचा हात घट्ट दाबला. तिने तो सोडवून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. घोट, वकील, अर्ज, गेलेला हिवाळा. "माझ्यामुळे तुमचं घर गेलं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

विल्माबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मनात म्हणत होतो, ओरडा, हिला घालवून द्या, काहीतरी करा.

"म्हणजे मी ते तसंच लाल ठेवलं असतं तर," त्या हळूच म्हणाल्या, "किंवा विचारलंच नसतं तर."

"नाही, नाही, तुमचा काही दोष नाही," आश्लेषा म्हणाली. मीही तेच म्हणालो. आमचं त्यांना ऐकू गेलं असं वाटलं नाही.

तेवढ्यात नर्स आली. तिने बर्फाच्या पाण्याचा जग भरून टेबलावर ठेवला, आमच्यासाठी दोन कागदी ग्लास ठेवले आणि गेली. विल्माबाईंचा हात सवयीने जगकडे गेला. मध्येच थांबला. मग त्यांनी तो परत घेऊन मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दुसरा हात ठेवला.

आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं नाही.